एकाच ओढ्याच्या दोन परिषदा

डोंगराळ भागात मोठा पूर येऊन गेला की थोड्याच दिवसांत एक वाद ठरल्यासारखा सुरू होतो. नदी पुनरुज्जीवनाच्या आणि पूरमैदान (नदीकाठची, पुरात पाण्याखाली जाणारी सपाट जमीन) व्यवस्थापनाच्या इतक्या परिषदा भरतात, त्यांचा उपयोग काय? एक बाजू म्हणते, तज्ज्ञ विमानाने येतात, सभागृहात स्लाइड बघतात आणि तिकडे नदी रस्ते, पूल, घरे घेऊन जाते. दुसरी बाजू उपस्थितांचा आकडा, वाचलेल्या निबंधांचा आकडा आणि सहभागी देशांची यादी पुढे करते. एकीचा हिशेब खर्चाचा, दुसरीचा गर्दीचा. नदीचे पुढे काय झाले, हे दोन्ही हिशेबांत कुठेच येत नाही. माझे म्हणणे असे की या परिषदा हव्यात, पण आज भरतात तशा नव्हेत. ओढ्याचे बिघडलेले पात्र सुधारणारे लोक आणि पुरापासून वस्ती वाचवणारे लोक हे दोन वेगळे व्यवसाय होऊन वेगवेगळ्या सभागृहांत बसत राहिले, तर डोंगरात दोघांचेही काम फसणार आहे. त्यांना एकत्र बसवायचे, नदीकाठी उभे करायचे आणि फसलेल्या कामांचा जाहीर जाब द्यायला लावायचे, यासाठी परिषद हवी. एवढे होत नसेल तर टीकाकारांचे ऐकून ती बंद केलेली बरी.

डोंगरावर एवढा भर का, ते आधी सांगायला हवे. सपाटीवर पूर म्हणजे मुख्यतः चढणारे पाणी. पाणी कुठवर चढेल याचे गणित मांडता येते, नकाशावर पूररेषा आखता येते आणि रेषेच्या आत काय बांधायचे नाही ते ठरवता येते. डोंगरातला ओढा पाण्याबरोबर दगड वाहून आणतो. उतार तीव्र असतो तोवर तो पात्र खरवडतो. उतार कमी झाला, दरी रुंदावली की तेच दगडगोटे खाली टाकतो. एका रात्रीत तळ वर येतो, पाणी पात्र सोडून बाजूने नवी वाट काढते आणि काठ आतून पोखरला जातो. पूररेषेच्या वर असलेले घरसुद्धा जाते, कारण पाणी घरात शिरत नाही, घराखालची जमीनच निघून जाते. सप्टेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात बोल्डरला आठवडाभरात सुमारे ४३० मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे जवळजवळ वर्षाचा पाऊस. रॉकी पर्वताच्या पूर्व उतारावरच्या दऱ्यांमध्ये तेव्हा हेच घडले. अमेरिकेच्या १९६८ च्या राष्ट्रीय पूरविमा योजनेचे नकाशे प्रामुख्याने स्वच्छ पाणी आणि न हलणारा तळ धरून काढलेले असतात. काठ खचणे, गाळ साचणे आणि पात्र सरकणे यांचा पट्टा वेगळा आखण्याची पद्धत कोलोरॅडो राज्याने २०२० मध्ये प्रसिद्ध केली, तीही हा अनुभव पदरी पडल्यावर. त्याच २०१३ च्या जूनमध्ये केदारनाथला मंदाकिनीने सोडून दिलेल्या जुन्या प्रवाहमार्गावर वस्ती वाढलेली होती. पाणी आणि शिळा त्याच मार्गाने परत आल्या. कोणत्या रेषेने हे दाखवले असते?

म्हणजे डोंगरात ‘नदी कशी वागते’ आणि ‘पूर कुठवर येतो’ हे एकच प्रश्न आहेत. तरीही त्यांची उत्तरे शोधणारे लोक शिकतात वेगळीकडे, नोकरी करतात वेगळ्या खात्यांत आणि भेटतात वेगळ्या परिषदांत. एका बाजूला मासे, काठची झाडी आणि पाण्याचा दर्जा बघणारे जीवशास्त्रज्ञ व भूरूपशास्त्रज्ञ. दुसऱ्या बाजूला नियम, विमा, बांधकाम परवाने आणि पाण्याची पातळी बघणारे अभियंते व नियोजनकार. दोघांनाही एकाच वाळवंटावर, म्हणजे नदीतल्या दगडगोट्यांच्या उंचवट्यावर, उभे केले की हा भेद डोळ्यांना दिसतो. नदीच्या तळाचा पोत मोजण्याची एक साधी रीत १९५४ पासून रूढ आहे: पात्र ओलांडत चालायचे, पावलागणिक बुटाच्या टोकापाशी जो दगड बोटाला लागेल तो न निवडता उचलायचा आणि त्याचा मधला अक्ष (सर्वांत लांबही नव्हे आणि सर्वांत आखूडही नव्हे अशी बाजू) मोजायचा, असे शंभर दगड. तोच मुठीएवढा दगड हातात घेऊन एक जण विचारतो, मासे यात अंडी घालतील का? दुसरा विचारतो, या खडबडीतपणाने पाणी किती अडेल आणि किती वर चढेल? पात्रात आडवे पडलेले झाड पाहून पहिल्याला त्यामागे तयार होणारा डोह दिसतो. दुसऱ्याला तेच झाड खालच्या पुलाच्या गाळ्यात अडकलेले दिसते. दोघांचेही दिसणे खरे आहे. खोटे आहे ते एवढेच, की आपल्याला जे दिसते ते संपूर्ण आहे.

हा नुसता दृष्टिकोनातला फरक असता तर एवढे लिहिण्याची गरज नव्हती. त्याचे नियम होतात आणि नियमांना पैसे लागतात. अमेरिकेत आखून दिलेल्या पूरवाहिनीत, म्हणजे पुराचे पाणी वाहून जाण्यासाठी मोकळा ठेवलेल्या पट्ट्यात, भराव टाकायचा असेल, तर पायाभूत पुराची, म्हणजे नियमासाठी गृहीत धरलेल्या मोठ्या पुराची, पातळी मुळीच वाढणार नाही हे गणिताने सिद्ध करावे लागते. भराव टाकून दुकाने उभारणाऱ्याला आवर घालण्यासाठी हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण खचत गेलेल्या ओढ्याला पुन्हा त्याच्या पूरमैदानाशी जोडायचे, तर पाणी पात्राबाहेर पसरलेच पाहिजे. म्हणजे तिथली पातळी थोडी वाढणारच. मग ओढ्यात ओंडके बसवणाऱ्या लहान प्रकल्पालाही, आजूबाजूला एक घर नसताना, इमारत बांधणाऱ्यासारखीच कागदपत्रे करावी लागतात. पुनरुज्जीवनवाले या नियमाला आंधळा म्हणतात, पूरवाले त्यांना बेफिकीर म्हणतात. दोघेही आपापल्या परिषदेत टाळ्या मिळवतात. नियमाचा कोणता भाग शिथिल करायचा, कोणत्या अटीवर, आणि खाली वस्ती असेल तर मुळीच का करायचा नाही, हे एकत्र बसल्याखेरीज कसे ठरणार?

आता विरोधकांचा सर्वांत जड मुद्दा घेतो, कारण त्याला बगल देऊन पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते म्हणतात, ज्ञान कमी नाही, इच्छाशक्ती कमी आहे. गिल्बर्ट व्हाइट या भूगोलतज्ज्ञाने १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात सांगून ठेवले होते की नुसत्या भिंती आणि धरणे बांधून पुराचे नुकसान थांबत नाही. माणसाने पूरमैदानातले आपले वागणे बदलायला हवे. भारतात केंद्राने पूरमैदान क्षेत्रनिश्चितीचा नमुना कायदा १९७५ मध्ये राज्यांकडे पाठवला. त्यावर कायदा करणारी राज्ये एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघाली. उत्तराखंडाने तो २०१२ मध्ये केला आणि पुढच्याच वर्षी मंदाकिनीची दरी उद्ध्वस्त झाली. तेव्हा आणखी एक परिषद भरवून काय साधणार? ज्यांना आधीच पटलेले आहे तेच तिथे येऊन एकमेकांना पटवणार.

यातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. पूरमैदानात बांधू नये हे सांगायला परिषद लागत नाही. पण इच्छाशक्ती म्हणजे तरी काय असते? मंत्र्याच्या मनातली एखादी उर्मी नव्हे. पूर ओसरल्यानंतरच्या दहा-पंधरा दिवसांत कोण कोणाला फोन करतो, आणि फोन घेणाऱ्याचा त्याच्यावर विश्वास आहे की नाही, यावर ती ठरते. डोंगरातल्या नदीचे पुढच्या कित्येक वर्षांचे भवितव्य त्या पंधरवड्यात ठरून जाते. रस्ता तुटलेला असतो, गावाचा संपर्क तुटलेला असतो, रुग्णाला खाली आणायचे असते. अशा वेळी पोकलेन ओढ्यात उतरतो, दगडगोटे उपसून काठावर रचतो, वळणे कापून पात्र सरळ करतो आणि पुन्हा जुन्याच जागी रस्ता घालतो. यंत्र चालवणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला कोणी दुसरे काही सांगितलेलेच नसते. सरळ, खोल, मोकळे केलेले पात्र पुढचा पूर अधिक वेगाने खालच्या गावावर नेऊन आदळते आणि स्वतःचा तळ आणखी खरवडते.

अमेरिकेच्या व्हर्मॉंट राज्यात ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळानंतर नेमके असेच झाले. डोंगरी ओढ्यांत यंत्रे उतरली, मैलोन्‌मैल पात्रे उपसून सरळ केली गेली आणि त्यातले बरेच काम नंतर धोका वाढवणारे ठरले. पण तिथे त्या अनुभवातून पुढचे पाऊल उचलले गेले. आणीबाणीतल्या पात्रातील कामांसाठी २०१२ मध्ये कायदा बदलला, नियम झाले आणि रस्त्यांची कामे करणाऱ्यांसाठी नदीचे वागणे शिकवणारे प्रशिक्षण सुरू झाले. नदीशास्त्र शिकलेला माणूस आणि रस्त्यावरचा मुकादम एकाच ठिकाणी उभे राहून मोरीचा व्यास, ओढ्याची रुंदी आणि दगडांची चाल यांविषयी बोलतात, ही माझ्या दृष्टीने खरी परिषद. पूर येण्याआधी ही ओळख झालेली असेल तर पुरानंतरचा फोन लागतो. आग लागल्यावर विहीर खणायला बसले तर इच्छाशक्ती कितीही असो, पाणी मिळत नाही.

त्याच राज्यात, त्याच वादळात आणखी एक गोष्ट दिसली, जी दोन्ही व्यवसायांनी आपापल्या भिंतीवर लावून ठेवावी. ऑटर क्रीक नदीवर वरच्या अंगाला रटलंड आणि खाली मिडलबरी अशी दोन गावे आहेत. मध्ये विस्तीर्ण दलदली आणि पूरमैदान शिल्लक आहे. पाणलोट खाली वाढत जातो, म्हणून मिडलबरीला पुराचा लोंढा मोठा यायला हवा. प्रत्यक्षात तो रटलंडच्या निम्म्याहून कमी होता आणि उशिरा पोहोचला. या दलदलींमुळे आयरीनमध्ये मिडलबरीचे नुकसान ८४ ते ९५ टक्क्यांनी कमी झाले, असा अंदाज २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडला. या दलदली कोणाच्या? पक्षी आणि मासे बघणाऱ्यांच्या की पूर बघणाऱ्यांच्या? एकाच जमिनीसाठी दोन खात्यांकडे दोन वेगळे अर्ज करावे लागतात, तेव्हा हा प्रश्न खरोखरच विचारला जातो.

आपापल्या तुकड्यापुरते बघण्याची सवय जुनी आहे. स्वित्झर्लंडमधली कांडर नदी पूर्वी थून सरोवराला वळसा घालून खाली आरे नदीला मिळत असे आणि तिथल्या शेतांत गाळ व पाणी घालत असे. १७११ ते १७१४ या काळात टेकडीतून बोगदा काढून ती थेट सरोवरात सोडण्यात आली. कांडरकाठच्या लोकांपुरता उपाय अचूक होता. पण सरोवरातून पाणी बाहेर पडायची वाट वाढवायला हवी याचा विचार वेळेवर झाला नाही. सरोवर चढू लागले, थून शहरात पाणी शिरू लागले. नवीन मार्गात नदीने तळ इतका खरवडला की बोगद्याची घळ झाली. शहराच्या बाजूचे काम मग मागाहून करावे लागले. तीनशे वर्षांपूर्वी त्या अभियंत्यांकडे साधने तुटपुंजी होती, हे मान्य. आज आपल्याकडे लायडर, म्हणजे लेसरने जमिनीची उंची मोजण्याचे तंत्र आहे, संगणकावरची प्रतिमाने आहेत. तरी एका गावाची संरक्षक भिंत पूर्ण होते तेव्हा खालच्या गावाला त्याविषयी विचारलेले असते का? त्याच देशाने १९८७ च्या पुरांनंतर दिशा बदलली. १९९१ च्या जलबांधणी कायद्यात नद्यांना जागा देण्याचे तत्त्व आले, आणि २०११ पासून लागू झालेल्या जलसंरक्षण कायद्यातील दुरुस्तीने सुमारे ४,००० किलोमीटर नद्या-ओढे काही पिढ्यांत पुनरुज्जीवित करण्याचे ठरले. पूरसुरक्षा आणि पुनरुज्जीवन ही एकाच कामाची दोन अंगे आहेत हे तिथे कायद्यात लिहिले गेले. ते लिहिले जाण्याआधी दोन्ही अंगांचे लोक वर्षानुवर्षे एकमेकांशी भांडत होते. त्या भांडणाला जागा लागते, आणि ती जागा म्हणजे परिषद.

दुसरा गंभीर आक्षेप पुनरुज्जीवन करणाऱ्यांच्या आत्मविश्वासावर आहे, आणि इथे मी आक्षेप घेणाऱ्यांच्याच बाजूने आहे. कॅलिफोर्नियातल्या उव्हास क्रीकचे उदाहरण घ्या. डोंगरातून उतरून येणाऱ्या या ओढ्याला १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये जवळपास एक किलोमीटर लांबीचे, सुबक नागमोडी, एकेरी पात्र खोदून दिले. वळणे टिकावीत म्हणून ओंडके आणि शिळा बसवल्या. नद्यांचे प्रकार पाडण्याच्या तेव्हाच्या लोकप्रिय वर्गीकरण पद्धतीत ते चपखल बसत होते. फेब्रुवारी १९९६ मध्ये पूर आला आणि ते सगळे वाहून गेले. नंतर जुने नकाशे व नोंदी तपासल्यावर दिसले की तो ओढा मुळात तसा नागमोडी नव्हताच. दगडगोट्यांनी भरलेला, पुरागणिक जागा बदलणारा असा तो होता. वाईट काय झाले? काम वाहून गेले हे नव्हे. डोंगरी ओढ्यात कामे वाहून जातातच. वाईट हे की अशा गोष्टी क्वचितच लिहिल्या जातात. ही लिहिली गेली म्हणून आज आपण तिच्याविषयी बोलतो आहोत. अमेरिकेतल्या ३७,००० हून अधिक नदी पुनरुज्जीवन प्रकल्पांच्या नोंदींचा आढावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या जेमतेम १० टक्के नोंदींत काम झाल्यावर काही मोजमाप किंवा मूल्यमापन केल्याचा उल्लेख होता. बाकीच्यांचे काय झाले? ओढ्याला ठाऊक, आणि काठावर राहणाऱ्यांना ठाऊक.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. पण पुढच्याने ठेच लपवली तर मागचा शहाणा व्हायचा कसा? प्रकल्प सुरू करताना लावलेल्या फलकाचा फोटो आणि हिरव्यागार काठाचा फोटो, या दोहोंच्या मध्ये जे घडले ते परिषदेत ऐकायला मिळाले पाहिजे. मला ठाऊक आहे की हे सोपे नाही. सल्लागार कंपनीला पुढचे काम मिळवायचे असते, सरकारी अधिकाऱ्याला लेखापरीक्षणाला तोंड द्यायचे असते, जमीनमालक दावा ठोकू शकतो. परिषदेचा खर्च भागवणारे प्रायोजक तर बहुधा हीच कामे करणाऱ्या कंपन्या असतात, आणि त्यांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या व्यासपीठावर त्यांचे फसलेले काम मांडायला कोण धजेल? म्हणूनच हे सौजन्यावर सोडून चालणार नाही. सार्वजनिक पैशातून झालेल्या कामाला निधी देतानाच अट हवी: पहिल्या मोठ्या पुरानंतर पात्राचे काय झाले ते मोजायचे आणि दोन्ही व्यवसायांसमोर मांडायचे. मोजण्याचा खर्च प्रकल्पाच्याच अंदाजपत्रकात धरायचा.

आणि काठावर राहणाऱ्यांचे काय? हा आक्षेप मला सर्वांत जास्त लागतो. फ्रान्समध्ये १८४१ मध्ये सुरेल या अभियंत्याने आल्प्समधल्या डोंगरी ओढ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि उघड्या पडलेल्या उतारांचा आणि विध्वंसक लोंढ्यांचा संबंध दाखवला. पुढे १८६० च्या कायद्याने डोंगरउतारांवर वनीकरण सक्तीचे करता येऊ लागले. शास्त्र बरेचसे बरोबर होते. पण ज्या कुरणांवर मेंढपाळांचे पोट होते तीच बंद झाली, गावे विरोधात उभी राहिली आणि सरकारला काही वर्षांतच, १८६४ मध्ये, झाडांऐवजी गवत लावण्याचीही मुभा द्यावी लागली. १८८२ मध्ये कायदा नव्याने करावा लागला. आणखी पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे: उतार झाडांनी भरले, ओढ्यांवर बंधारे झाले, त्यामुळे खाली येणारे दगडगोटे घटले, आणि काही नद्यांचे तळ खाली खचू लागले. एका पिढीचा उपाय पुढच्या पिढीचा प्रश्न झाला. ज्यांची जमीन जाणार त्यांना चर्चेत घेतले नाही तर योजना अडते. ज्यांना ओढ्याच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या वाटा आठवतात त्यांना घेतले नाही तर योजना चुकते. परिषदेच्या प्रवेशशुल्कातच या लोकांना दाराबाहेर ठेवण्याची सोय असते. त्यांचा प्रवास, राहणे आणि बुडालेली मजुरी आयोजकांनी भरली पाहिजे, आणि त्यांना श्रोते म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून बोलावले पाहिजे.

परिषदेसाठी लांबून येणाऱ्यांच्या प्रवासाने धूर, म्हणजे प्रदूषण होते, हा आक्षेपही घेतला जातो. तो खरा आहे आणि त्याचे उत्तरही सरळ आहे. निबंधवाचन पडद्यावरून करा. त्यासाठी कोणी डोंगर ओलांडून येण्याची गरज नाही. पण काठावर कातरलेल्या मातीतले थर, पुलाच्या खांबावर पाण्याने सोडलेली खूण, एका दिशेला कलून एकमेकांवर रेललेले दगड आणि त्यांवरून ओळखायची लोंढ्याची दिशा, हे पडद्यावर नीट दिसत नाही. आणि दिसले तरी त्यावर दोन व्यवसायांचे लोक समोरासमोर अडून बसत नाहीत. माइक बंद करून निघून जातात. म्हणून नदीकाठचा दिवस हा परिषदेचा गाभा हवा. आज तो बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशी, ऐच्छिक आणि वेगळे शुल्क भरून करायची सहल असतो.

प्रत्येक दरी वेगळी, तर एका दरीतले दुसरीत कशाला, असेही विचारले जाते. उत्तरे नेऊ नयेत, हे उव्हास क्रीकने शिकवलेच आहे. प्रश्न मात्र नेता येतात. ऑस्ट्रियाच्या दक्षिण भागात १९६५ आणि १९६६ मध्ये लागोपाठ आलेल्या पुरांनंतर क्लागेनफुर्ट शहरात १९६७ मध्ये एक परिषद भरली, तिच्यातून इंटरप्रेव्हेंट ही संस्था उभी राहिली आणि डोंगरातले पूर, दगडमातीचे लोंढे, दरडी आणि हिमस्खलने यांवर काम करणारे वनाधिकारी, अभियंते आणि भूशास्त्रज्ञ त्या व्यासपीठावर आजही भेटतात. पुराच्या चिखलातून जन्मलेली परिषद टिकते, कारण ‘इथे काय झाले’ या प्रश्नापासून ती सुरू झालेली असते.

कोलोरॅडोतल्या बिग थॉम्प्सन दरीत जुलै १९७६ मध्ये काही तासांत सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस कोसळला, सुमारे १४० माणसे मेली आणि दरीतला महामार्ग गेला. तो त्याच दरीत पुन्हा बांधला. २०१३ मध्ये तो पुन्हा गेला. त्यानंतरच्या बांधणीत काही ठिकाणी कडा फोडून रस्ता आत, पक्क्या खडकावर नेला आणि नदीला थोडी जागा सोडली. रस्तेवाले, पूरवाले आणि नदीवाले तिथे एका नकाशावर आले ते दुसऱ्या पुरानंतर. पुढच्या परिषदेची कार्यक्रमपत्रिका आखणाऱ्यांनी पहिले सत्र अशाच एखाद्या दरीला द्यावे, ते नदीकाठी घ्यावे, आणि पहिल्या व दुसऱ्या पुराच्या मधल्या वर्षांत कोणत्या खात्याला काय माहीत होते आणि ते कोणाला सांगितले गेले नाही, हे त्या-त्या खात्याच्या माणसाकडून वदवून घ्यावे.